दाराला कुलूप नव्हतं

शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर 'दोन-चार पानं वाचू' म्हणून पुस्तक हातात घेतलं आणि पहाटे साडेचारला खाली ठेवलं. डेनिस लेहेनची १९९८ची कादंबरी, 'गॉन, बेबी, गॉन'.

बॉस्टनमधली डॉर्चेस्टर ही कामगारवस्ती. लेहेन तिथलाच. चार वर्षांची अमँडा घरात एकटीच झोपलीये. आई हेलीन कुलूप न लावताच शेजारणीकडे टीव्ही बघायला गेलीये. परत येते तर पोरगी गायब! आई बेफिकीर, पण मामी हट्टाला पेटते आणि पॅट्रिक व अँजी या डिटेक्टिव्ह जोडीला गाठते.

मग खंडणी, गोळीबार, दगाफटका... सगळा मसाला आहे. पण लेखक होण्याआधी लेहेनने अत्याचार सोसलेल्या मुलांसाठी समुपदेशक म्हणून काम केलंय. त्यामुळे इथली मुलं नुसती रहस्यापुरती येत नाहीत, ती आत कुठेतरी टोचत राहतात.

२००७मध्ये बेन अॅफ्लेकने यावर सिनेमा काढला. त्याच वर्षी एक ब्रिटिश चिमुरडी पोर्तुगालमध्ये बेपत्ता झाली होती, म्हणून ब्रिटनमधलं प्रदर्शन २००८पर्यंत लांबवावं लागलं.

शेवट सांगत नाही. पण 'कुणी पळवलं?' हा प्रश्न हळूहळू मागे पडतो आणि वेगळाच समोर येतो. मूल कुणाचं? जन्म देणाऱ्या आईचं, की जो नीट सांभाळेल त्याचं? त्यावरून पॅट्रिक-अँजीचं फाटतं.

आमच्याकडेही तेच झालं. रविवारी बायकोने पुस्तक संपवलं. ती म्हणाली, ''कशीही असली तरी आई ती आईच.'' मी म्हटलं, ''अशा आईकडे? कशाला?'' दोन दिवस अबोला.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना समोरच्या फ्लॅटमधला मुलगा दिसला. किल्ली हरवली म्हणून जिन्यात बसलेला. तसा तो बऱ्याचदा दिसतो. आम्ही 'हाय' करतो आणि आपलं दार लावून घेतो. हेलीनला नावं ठेवणं किती सोपं होतं! त्या बिल्डिंगमध्ये बाकीचेही राहत होतेच ना?

त्या दिवशी त्याला आत बोलावलं, त्याच्या आईला फोन केला. हिने पोहे टाकले. अबोलाही तिथेच संपला.

पुस्तक जरूर वाचा. फक्त सोमवारी प्रेझेंटेशन असेल, तर रविवारी रात्री उघडू नका!