जेवणाच्या टेबलावरचं स्पॅनिश

सालामांका हे स्पेनच्या पश्चिम भागातलं, दीड लाखाच्या आत वस्ती असलेलं शहर. इथलं विद्यापीठ 1218 सालचं. नेब्रिखा या व्याकरणकाराचं कॅस्टिलियन, म्हणजे स्पॅनिश, भाषेचं छापील व्याकरण 1492 मध्ये याच गावात प्रसिद्ध झालं. आज परदेशी विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवणं हा गावाच्या पोटापाण्याचा एक उद्योगच आहे. विद्यार्थी सप्टेंबरात किंवा फेब्रुवारीत येतात, एक सत्र राहतात, सकाळी वर्गात बसतात आणि दुपारी एखाद्या स्थानिक कुटुंबाच्या घरी जेवायला परततात.

ही पद्धत जुनी आहे. 1923 मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाने आपले विद्यार्थी वर्षभरासाठी फ्रान्सला पाठवले, तेव्हाही त्यांची सोय फ्रेंच घरांत केली होती. भाषा बोलणाऱ्यांच्या घरात राहिलं की ती आपोआप येते, असा एक गोड समज त्यात असतो. ती आपोआप येत नाही. खोलीचं दार लावून मोबाइलवर घरच्यांशी मराठीत बोलत बसणारा विद्यार्थी सत्र संपवून जवळजवळ तेवढंच स्पॅनिश घेऊन परततो.

आधी हे घर म्हणजे काय ते समजून घेऊ. बरेचदा मुलं मोठी होऊन बाहेर पडलेली असतात, एक खोली रिकामी असते आणि घरातल्या बाई विद्यार्थी ठेवतात. त्याचे पैसे त्यांना मिळतात. खोली, ठरलेली जेवणं, आठवड्याचे कपडे धुणं, एवढा साधा व्यवहार. जिव्हाळा जुळला तर तो वरचा. गप्पा मारणं मात्र कुठल्याच करारात नसतं. त्या आपणच मिळवायच्या असतात आणि त्यांची हक्काची जागा म्हणजे जेवणाचं टेबल.

तिथलं वेळापत्रक आपल्याला चक्रावून टाकतं. दुपारचं जेवण अडीचला, रात्रीचं साडेनऊला. यात आळसाचा भाग नाही. स्पेनने 1940 मध्ये घड्याळं तासभर पुढे नेऊन मध्य युरोपची वेळ धरली आणि ती आजवर तशीच आहे. सालामांका तर आणखी पश्चिमेला. उन्हाळ्यात तिथे सूर्य डोक्यावर येतो तोच दुपारी सव्वादोनच्या पुढे. अडीचचं जेवण सूर्याच्या हिशेबाने भर बाराचंच. चारनंतर भूक लागली तर काहीतरी खाऊन घ्यावं, पण रात्रीच्या टेबलावरून गैरहजर राहू नये.

कारण रात्री रोज तोच प्रश्न येतो: आज काय केलंस? भाषेच्या दृष्टीने हा प्रश्न सोन्याचा आहे. स्पेनच्या बहुतेक भागांत आजच्या घडामोडी सांगताना एक भूतकाळ वापरतात (‘ए ईदो’, गेलो), तर कालच्या सांगताना दुसरा (‘फुई’). वर्गात या दोन काळांवर आठवडाभर तक्ते भरून घेतात. टेबलावर तेच वाक्य महिनाभर रोज बोलावं लागतं, शिवाय समोरच्याला उत्तर खरंच हवं असतं. म्हणून जेवायला जाण्याआधी दिवसातली एक गोष्ट आणि तिच्यासाठी लागणारी चार-पाच क्रियापदं मनाशी जुळवून ठेवावीत. पाठांतर वाटलं तरी चालेल. दुसऱ्या आठवड्यात तीच क्रियापदं न शोधता तोंडात येतात.

दुरुस्ती कशी होते तेही पाहण्यासारखं आहे. विद्यार्थी म्हणतो, ‘आयेर यो वा आल मुसेओ’, म्हणजे ‘काल मी संग्रहालयात जातो’ असं काहीतरी. बाई चूक दाखवत नाहीत. त्या सहज म्हणतात, ‘आ, फ्विस्ते आल मुसेओ?’ आणि बटाट्याच्या जाडजूड ऑम्लेटचा तुकडा पुढे करतात. बरोबर क्रियापद त्यांनी दिलेलं असतं, पण प्रश्नाच्या वेषात. बहुतेक विद्यार्थी फक्त ‘सी’ म्हणून मोकळे होतात आणि दुरुस्ती वाया जाते. त्याऐवजी ‘सी, फुई आल मुसेओ’ असं पूर्ण वाक्य म्हणावं. माझ्या मते अख्ख्या मुक्कामातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फळणारी सवय हीच.

मराठी माणसाला इथे थोडी वाढीव मदत आहे. ‘मे गुस्ता’ची रचना इंग्रजीतून शिकणाऱ्याला नाकीनऊ आणते, आपल्याला नाही. मला कॉफी आवडते, मला आंबे आवडतात, तसंच ‘मे गुस्ता’ आणि ‘मे गुस्तान’; क्रियापद आवडणाऱ्या वस्तूमागे जातं. त, द यांचे उच्चारही दंत्य. नामांना लिंग असतं याचा धक्का बसत नाही, फक्त टेबल पुल्लिंगी की स्त्रीलिंगी हे नव्याने पाठ करावं लागतं. अडतं ते लांबवलेल्या ‘र’पाशी. ‘पेरो’ म्हणजे पण, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा.

संकोच वेगळ्याच ठिकाणी होतो. साठीच्या बाईंना नावाने हाक मारून ‘तू’ म्हणायचं! बाई स्वतःच तसं सांगतात, तरी आपली जीभ ‘उस्तेद’कडे, म्हणजे ‘तुम्ही’कडे वळते. पहिले दोन दिवस वळू द्यावी. महिनाभर वळली तर मात्र घरात पाहुणाच राहाल.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘वेखेतारियानो’ म्हणून भागत नाही. मग सॅलडमध्ये टूना मासा येतो आणि मसुराच्या आमटीत चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचा सॉसेज. मांस नाही, मासे नाहीत, हॅम नाही, सॉसेज नाही, अंडं चालतं की नाही, हे एकेक नाव घेऊन, शक्यतो निघण्यापूर्वी लिहून कळवावं.

व्हिसाचं थोडक्यात. मुक्काम 90 दिवसांहून जास्त असेल तर पर्यटकांचा शेंगेन व्हिसा उपयोगी नाही, स्पेनचा विद्यार्थी व्हिसा लागतो आणि कागदपत्रांना वेळ जातो. निघताना भाषेची पातळी निदान ए-टू, म्हणजे साध्या संवादापुरती, असावी, नाहीतर पहिला महिना मीठ मागण्यात जातो.

खरी कसोटी रविवारी दुपारी. मुली, जावई, नातवंडं जेवायला येतात, चौघे एकाच वेळी बोलतात, विषय फुटबॉलवरून घरभाड्यावर कधी गेला ते कळत नाही. सगळं समजून घेण्याचा प्रयत्न सोडावा आणि एकाच माणसाच्या बोलण्याला धरून राहावं. बसायला जागा निवडता आली तर सहा-सात वर्षांच्या नातवाशेजारी बसावं. तो हळू बोलत नाही, पण त्याची वाक्यं छोटी असतात आणि तुमची चूक तो तोंडावर सांगतो, हसून.