नवऱ्याची ट्रायथलॉन, बायकोचं एम.ए. : आठवड्याच्या १६८ तासांचं गणित बसवायचं कसं?

गोव्यातलं रणरणतं ऊन. नवरा पोहून आलाय, ९० किलोमीटर सायकल मारून आलाय आणि आता पळतोय. बायको कठड्याशी उभी आहे, हातात गार पाण्याची बाटली. तो समोरून येतो. बाटली पुढे करावी की नाही?

उत्तर आहे, नाही. चुकूनही नाही.

आयर्नमॅनसारख्या ट्रायथलॉनमध्ये स्पर्धकानं बाहेरची मदत घ्यायची नसते. पाणी, खाणं, बर्फ जे काही घ्यायचं ते आयोजकांच्या केंद्रावरून. घरच्यांनी बाटली दिली, सोबत पळत गेले, बाजूनं गाडी चालवली तर स्पर्धकाला दंड होऊ शकतो किंवा तो थेट बाद होऊ शकतो. शेवटच्या रेषेवर लेकराला कडेवर घेऊन फोटो काढायची हौससुद्धा महागात पडते.

मग प्रश्न पडतो, पाण्याची बाटलीही द्यायची नसेल तर जोडीदाराचा 'सपोर्ट' म्हणजे नक्की काय? आणि त्या जोडीदाराचं स्वतःचं एम.ए. किंवा एम.एस्सी. चालू असेल तर?

एका नवरा-बायकोनं सुरू केलेली शर्यत

आयर्नमॅनची सुरुवातच मुळात एका जोडप्यानं केली. जॉन आणि ज्युडी कॉलिन्स. जॉन अमेरिकेच्या नौदलात होते. या दोघांच्या कल्पनेतून १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईमध्ये पहिली शर्यत झाली. १५ जण उतरले, १२ जणांनी ती पूर्ण केली.

गंमत म्हणजे तेव्हाचा नियम आजच्या बरोबर उलटा होता. प्रत्येक स्पर्धकानं आपली मदत करणारी माणसं स्वतः आणायची होती. रस्त्यात पाण्याची सोय नव्हती. जॉन डनबार नावाच्या स्पर्धकाच्या मंडळींकडचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला चक्क बिअर दिली. तो दुसरा आला.

पुढे खेळ वाढला, २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचा समावेश झाला. मदतीची केंद्रं आयोजकांकडे गेली आणि घरची माणसं कठड्याच्या पलीकडे. शर्यतीच्या दिवशीचं त्यांचं काम जवळजवळ संपलं. पण त्याआधीच्या पाच-सहा महिन्यांतलं काम आहे तिथंच राहिलं, आणि ते कुठल्याच निकालपत्रकात दिसत नाही.

आता येऊ जेऊरला

करमाळा तालुक्यातलं जेऊर. मुंबई–सोलापूर रेल्वेमार्गावरचं स्टेशन. नागराज मंजुळेंचं गाव म्हणून सोशल मीडियावर अनेकांना माहीत असलेलं. मंजुळेंनी पुणे विद्यापीठातून मराठीत एम.ए. केलं, पुढे अहमदनगरला संज्ञापन शिकले. म्हणजे जेऊरच्या पोरांना पदव्युत्तर शिक्षणासाठी रेल्वे किंवा एसटी पकडणं नवीन नाही.

आणि ट्रायथलॉनसाठी? गावापासून जवळच उजनीचं बॅकवॉटर, सायकलसाठी करमाळा–टेंभुर्णी बाजूचे रस्ते, पळायला केळी-उसाच्या मधल्या वाटा. तिन्ही गोष्टी आहेत.

समजा, इथल्याच एका जोडप्यानं ठरवलं. नवरा गोव्याची '७०.३' करणार. बायको एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. (उलटंही असू शकतं. बायको स्पर्धक, नवरा विद्यार्थी. पण उलटं असलं की गणित का बदलतं, ते पुढे कळेलच.)

७०.३ म्हणजे किती?

१.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर पळणं. एकामागोमाग एक, मध्ये सुट्टी नाही. सगळ्याची मैलांत बेरीज ७०.३ होते, म्हणून हे नाव. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट. गोव्यात ही स्पर्धा २०१९ मध्ये पहिल्यांदा झाली, पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर. वेळेची मर्यादा साधारण साडेआठ तास.

याच्या तयारीला नवख्या माणसाला साधारण पाच महिने लागतात. आठवड्याला आठ ते बारा तास सराव. सरासरी १० धरा.

आता एम.ए.कडे बघा. नव्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं शिकणं. यात वर्ग, वाचन, असाइनमेंट, परीक्षेची तयारी सगळं आलं. वर्षाला ४० क्रेडिट, म्हणजे १,२०० तास. एका सत्राला ६००. सत्र २० आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला ३० तास.

म्हणजे कागदावर बायकोचा अभ्यास नवऱ्याच्या सरावाच्या तिप्पट आहे. पण घरात मोठी गोष्ट कुठली वाटते? पहाटे चारला अलार्म लावून सायकल काढणारा माणूस सगळ्यांना दिसतो. त्याचे फोटो पडतात, त्यावर 'लय भारी भावा' येतं. रात्री अकराला भांडी घासून झाल्यावर नोट्स उघडणारी बाई कुणाच्या स्टोरीवर दिसत नाही.

ते १० तास येतात कुठून?

इथंच खरा मुद्दा आहे.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. पुरुष ८८ मिनिटं. आणि ही ८८ मिनिटं घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी आहे, न लावणारे यात धरलेलेच नाहीत.

आठवड्याचा हिशेब केला तर स्त्रीचे जवळपास ३४ तास, पुरुषाचे १० तास.

परत वाचा. पुरुषाचं घरकाम आठवड्याला १० तास. ट्रायथलॉनचा सरावही आठवड्याला १० तास.

सराव सुरू झाला की नोकरीचे तास तेच राहतात, झोप उलट वाढवावी लागते. मग नकळत सुटतात ते हेच १० तास. दळण आणणं, मुलाला शाळेत सोडणं, आजारी आईला दवाखान्यात नेणं, रविवारचा बाजार. कुणी ठरवून ढकलत नाही. पण काम राहत नाही, ते दुसऱ्याकडे जातं. बायकोचे ३४ चे ४४ होतात. त्यात अभ्यासाचे ३० मिळवले तर ७४. नोकरी असेल तर विचारायलाच नको. मग ३० चे २० होतात, २० चे १०, आणि एक दिवस 'यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू' असं वाक्य येतं.

म्हणून 'सपोर्ट' हा शब्द तासांत मोजायचा. टाळ्या वाजवणं पाच मिनिटांचं काम आहे. आठवड्याचे १० तास देणं हा खरा सपोर्ट, आणि ते तास कुठून निघतात हे दोघांनी आधी बसून ठरवायला हवं. स्पर्धक बायको असेल तर गणित आणखी अवघड होतं. तिच्याकडचे ३४ तास आपोआप कुणाकडे जात नाहीत, ते मागावे लागतात.

मग करायचं काय?

१. आधी कॅलेंडर, मग फॉर्म. गोव्याची शर्यत २०१९ मध्ये २० ऑक्टोबरला होती, २०२४ मध्ये २७ ऑक्टोबरला. २०२४ चं लक्ष्मीपूजन होतं १ नोव्हेंबरला. म्हणजे शर्यत आणि दिवाळी यांत पाच दिवस. आणि विद्यापीठांच्या हिवाळी परीक्षा साधारण याच सुमारास. सराव टोकाला, फराळ डोक्यावर, परीक्षा तोंडावर, सगळं एकाच महिन्यात. त्यामुळे नोंदणीचे पैसे भरण्याआधी विद्यापीठाचं वेळापत्रक समोर ठेवा. परीक्षेला धडकत असेल तर दुसरी शर्यत बघा. कोल्हापूरलाही ट्रायथलॉन होतात. शर्यत पुढच्या वर्षीही असते. सत्र मात्र हुकलं तर पुढची नोकरीची जाहिरातही हुकू शकते.

२. रविवार वाटून घ्या. लांब पल्ल्याची सायकल रविवारी असते. मुक्त विद्यापीठाचे संपर्क वर्गही बहुतेकदा सुट्टीच्या दिवशीच असतात. दोघांचा रविवार गेला तर घर कुणाचं? सोपा नियम: एक रविवार त्याचा, एक तिचा. तिच्या रविवारी त्यानं लांबची राइड शनिवारी किंवा आठवड्यात मध्येच उरकायची आणि घर पूर्ण सांभाळायचं. 'भाजी काय करू' असं फोन करून विचारणं म्हणजे सांभाळणं नव्हे.

३. न दिसणारी कामं लिहून काढा. घामाचे कपडे दिवसातून दोनदा. जास्तीचा स्वयंपाक, कारण सराव करणारा माणूस दीडपट खातो. पहाटेचा अलार्म, ज्यानं दोघांची झोप मोडते. हे सगळं एका कागदावर उतरलं की वाटणी सोपी होते. ज्याचा सराव, त्याची धुणी. सुरुवात इथून करता येईल.

४. शिक्षण थांबवायचीच वेळ आली तर. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा झालेली क्रेडिट साधारण सात वर्षांपर्यंत वापरता येतात. म्हणजे एखादं सत्र हुकलं तर केलेली मेहनत पाण्यात जात नाही. नियम महाविद्यालयात विचारून घ्या. पण ही सोय अडचणीसाठी आहे. घरात दरवेळी एकालाच ती वापरावी लागत असेल, तर वाटणीत गडबड आहे.

उजनीवर जाताय? हे वाचूनच जा

जेऊरकरांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. तलावात पोहणं आणि बॅकवॉटरला पोहणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. खोलीचा अंदाज नाही, मासेमारीची जाळी आहेत, पाण्याची पातळी बदलत राहते आणि वारा कधी सुटेल सांगता येत नाही. २१ मे २०२४ ला करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. तीही नेहमीची वाट होती.

म्हणून एकट्यानं पोहायला जायचं नाही. जोडीदार काठावर पुस्तक घेऊन बसलाय, एवढं पुरत नाही. पाण्यात सोबत होडी हवी, होडीत लाइफ जॅकेट आणि पोहता येणारा, पाण्याची माहिती असलेला माणूस हवा. कमरेला बांधायचा रंगीत फुगा घ्या. विहिरीत शिकताना पाठीला डबा बांधायचे ना, दिसायला तसंच. पण तो लांबून दिसण्यासाठी आहे, जीव वाचवण्याचं साधन म्हणून त्यावर विसंबू नका. आणि काठावरच्या माणसानं घाबरून पाण्यात उडी मारायची नाही. दोर फेकायचा, हाक मारायची, मदत बोलवायची. आभाळ भरून आलं, वारा सुटला तर त्या दिवशी पोहणं रद्द.

राहिले रस्ते. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या वाढतात. सायकलवर मागे-पुढे लाल-पांढरे दिवे आणि निघताना घरी परतीची वेळ सांगणं, एवढं तरी पाळायलाच हवं.

शर्यतीच्या दिवशी तुम्ही काय करता?

खरं सांगायचं तर बराच वेळ वाट बघता. सायकल सहसा आदल्या दिवशीच जमा करावी लागते. पहाटे स्पर्धकाला सोडलं की आतल्या भागात तुम्हाला प्रवेश नाही. स्पर्धकाच्या घोट्याला चिप बांधलेली असते, ती ठरावीक ठिकाणच्या पट्ट्यांवरून गेली की वेळ नोंदते आणि अ‍ॅपवर दिसते. अ‍ॅप हलत नसेल तर घाबरू नका. दोन पट्ट्यांमध्ये बरंच अंतर असतं, नेटवर्कही दगा देतं.

सात-आठ तासांत तुमचा माणूस तुम्हाला मोजून काही मिनिटं दिसतो. मधल्या वेळात सावली शोधा, खा, पाणी प्या. आणि हो, नोट्स सोबत न्यायला काहीच हरकत नाही. शर्यत चालू असताना युनिट तीन वाचणं म्हणजे प्रेम कमी असणं नव्हे.

तुमचं खरं काम सुरू होतं शेवटच्या रेषेनंतर. माणूस असंबद्ध बोलतोय, तोल जातोय, अंग तापलंय, सारखी उलटी होतेय, तर 'दमला असेल' म्हणून सोडू नका. ती उष्माघाताची लक्षणं असू शकतात. नुसतं पाणी अति प्यायल्यानं रक्तातलं सोडियम घसरलं तरी असाच गोंधळ होतो, त्यामुळे बळंच पाणी पाजत बसू नका. लगेच स्पर्धेच्या वैद्यकीय पथकाकडे न्या. ते जवळ नसेल तर १०८. आणि त्या दिवशी परतीची गाडी स्पर्धकाला चालवू देऊ नका.

शेवटी मेडल कुणाचं?

मेडल एकच मिळतं, ते पळणाऱ्याच्या गळ्यात पडतं. त्यात चूक काही नाही, ८५ लाख वेळा पाय त्यानंच उचललेत असं वाटावं एवढे कष्ट त्याचे असतात. पण शर्यत संपल्यावर एक साधी गोष्ट करता येते. पुढचे पाच महिने उलटे मोजायचे. आता आठवड्याचे १० तास तिला परत. पहाटेचा अलार्म तिच्या वाचनासाठी, चहा त्याच्या हातचा, रविवारचं घर त्याच्याकडे.

निकाल लागेल तेव्हा जेऊर स्टेशनवर कठडा नसेल, चिप नसेल, मेडलही नसेल. फक्त एक गुणपत्रिका असेल. तिच्यासाठी टाळ्या वाजवणारं माणूस तेव्हा फलाटावर उभं असलं, की दोघांची शर्यत पूर्ण झाली असं समजायचं.