‘हाऊ आर यू?’ला उत्तर काय द्यावे?

बोईसरजवळच्या बेटेगावात माझी थोरली बहीण राहते. तिचा मुलगा तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आहे. मध्यंतरी तिथे नवे यंत्र बसवायला एक अमेरिकन इंजिनिअर आला. या भागाला अमेरिकन नवे नाहीत. १९६९ साली सुरू झालेले तारापूरचे अणुवीज केंद्र अमेरिकन कंपन्यांनीच उभारले होते. पण आमच्या भाच्याला हा अनुभव पहिलाच!

सकाळी फाटकाशी गाठ पडताच साहेब हसून म्हणाला, “हाऊ आर यू डूइंग?” भाच्याने मनात इंग्रजी जुळवले आणि आई आठ दिवस तापाने पडून आहे, इथपासून सांगायला सुरुवात केली. साहेब गोंधळला, “ओ, सॉरी” म्हणाला आणि चालू लागला.

“मामा, विचारायचे आणि ऐकून घ्यायचे नाही, ही कुठली माणुसकी?” रात्री भाचा म्हणाला. त्याला जेवण गेले नव्हते.

मी म्हटले, “समोरचे काका रोज ‘काय, कुठे निघालात?’ विचारतात. तू काय सांगतोस?”

“हे काय, जरा स्टेशनपर्यंत.”

“गाडी कुठली, काम कसले, ते सांगतोस?”

तो हसला.

मंडळी, इंग्रजीतही असेच आहे. हा प्रश्न नव्हे, रामराम आहे! ‘फाइन, थँक्स. अँड यू?’ एवढे पुरे. ‘व्हॉट्स अप?’ला ‘नॉट मच’ म्हणावे. जुन्या वळणाच्या ‘हाऊ डू यू डू?’ला तर तेच शब्द परत करायचे! ‘सी यू लेटर’ म्हणजे भेटीचे वचन नव्हे. आपणही निघताना ‘येतो’च म्हणतो की. आणि ‘गुडबाय’ म्हणजे मुळात ‘देव तुमच्यासोबत असो’.

मग खरी चौकशी ओळखावी कशी? चालता चालता विचारले, तर तो रामराम. थांबून, नेमक्या गोष्टीचे नाव घेऊन विचारले, तर मन मोकळे करावे.

चार दिवसांनी चहाच्या सुट्टीत साहेब स्टूल ओढून भाच्याजवळ बसला. “हाऊ इज युवर मदर?”

म्हणजे त्या सकाळी त्याने ऐकले होते तर! या वेळी भाच्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळे सांगितले. चहा निवला, तरी साहेब उठला नाही.

ताई आता हिंडूफिरू लागली आहे.