लिजिया क्लार्क ह्यांची हाताळावयाची शिल्पे

कलाप्रदर्शनात गेल्यावर वस्तू दुरून पाहावी, हात पाठीमागे बांधावेत, अशी रीत आपल्या अंगवळणी पडली आहे. ब्राझीलच्या कलावती लिजिया क्लार्क (१९२०–१९८८) ह्यांनी ही रीतच उलटी केली. वस्तूला माणसाचे शरीर भिडल्यावाचून कलाकृती पुरी होत नाही, असे त्या मानीत.

त्यांनी आरंभी भौमितिक चित्रे काढली. १९६० च्या सुमारास मात्र त्या ‘बिशुस’कडे वळल्या. पोर्तुगीज भाषेत ह्या शब्दाचा अर्थ ‘प्राणी’. ॲल्युमिनियमचे पत्रे बिजागऱ्यांनी जोडून ही शिल्पे केलेली असून ती पाहणाऱ्याने उलगडावयाची व मिटावयाची असतात. गंमत अशी की, पत्रे सर्वस्वी आपल्या इच्छेप्रमाणे वळत नाहीत. एक खाली दाबावा, तो दुसराच उठतो! आपण वस्तूला आकार देऊ पाहतो आणि वस्तू आपल्या हाताला वळण लावते. शिल्पाच्या हालचाली एकंदर किती, ह्या प्रश्नाला क्लार्कबाईंचे उत्तर असे की, ते त्यांनाही ठाऊक नाही, विचारणाऱ्यालाही नाही. त्या प्राण्यालाच ठाऊक.

१९६३ सालची ‘चालणे’ ही कृती शिक्षकबंधूंनी वर्गात अवश्य करून पाहावी. कागदाची लांब पट्टी घेऊन तिला अर्धा पीळ द्यावा व टोके चिकटवावीत. ह्या पट्टीला एकच बाजू व एकच कड असते. भूमितीच्या तासालाही हे उपयोगी पडेल. आता पट्टीत मधोमध कात्री खुपसून लांबीच्या दिशेने कापत जावे. फिरून पहिल्या छेदाशी आलो की तो टाळून डावीकडे वळावे की उजवीकडे, हे कापणाऱ्यानेच ठरवावयाचे. पट्टी अरुंद होत होत अखेर कात्री चालेनाशी होते. उरलेल्या कागदी गुंत्याला मोल नाही. कापण्याची क्रिया हीच कलाकृती.

१९६६ मध्ये तर त्यांनी हवा भरलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यावर एक लहान दगड, एवढ्यावरच भागविले. तळहातांनी पिशवी दाबावी, सैल सोडावी. दगड श्वासासारखा वरखाली होतो.

१९७२ ते १९७६ ह्या काळात त्यांनी पॅरिस येथे सॉर्बोन विद्यापीठात अध्यापन केले. मायदेशी परतल्यावर त्या पाण्याच्या, वाळूच्या, हवेच्या पिशव्या निजलेल्या माणसाच्या अंगावर ठेवून त्याच्या मनावर उपचार करू लागल्या. ह्याला उपचार म्हणावे काय, ह्याविषयी आम्ही साशंक आहोत. परंतु जड-हलके, थंड-उबदार ह्या स्पर्शांनी शब्दांपूर्वीच्या आठवणी जाग्या होतात, हा त्यांचा विचार बालवर्ग शिकविणाऱ्यांना तरी सहज पटावा.

२०१४ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कृतींचे मोठे प्रदर्शन भरले. तेथे मूळ ‘प्राणी’ हात न लावता पाहावयाचे होते. हाताळण्यासाठी प्रतिकृती ठेविल्या होत्या. जुन्या बिजागऱ्यांची काळजी घेणे संग्रहालयाला भागच आहे. तथापि क्लार्कबाईंच्याच कसोटीने पाहता, आमच्या मते त्या दालनातील खरी शिल्पे म्हणजे त्या प्रतिकृती होत.