शिस्त जेव्हा घराला जड होते

‘आमच्या ह्यांना सगळं कसं जागच्या जागी लागतं!’ लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हे वाक्य कौतुकाने म्हटलं जातं. पुष्कळ घरांत वीस वर्षांनी तेच वाक्य तक्रार होऊन बसतं.

व्यक्तिमत्त्व विकार म्हटलं की सिनेमातला भडक, हिंसक माणूस डोळ्यांपुढे येतो. पण या विकारांपैकी बऱ्यापैकी सर्रास आढळणारा एक प्रकार चारचौघांत वाखाणला जातो. त्याचं नाव ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे ओसीपीडी. नावात साम्य असलं तरी हा ओसीडी नव्हे. ओसीडी असलेला माणूस दहादा गॅसचं बटण तपासतो आणि बहुतेकदा ‘हे वेड्यासारखं आहे’ म्हणून स्वतःवरच वैतागतो. ओसीपीडीत माणसाला आपलंच बरोबर वाटतं. वैतागतात ते आजूबाजूचे.

अशा घरातला गणपती पाहा. मुलाने हौसेने मखराला दिव्यांची माळ लावलेली असते. रात्री सगळे झोपल्यावर वडील ती उतरवतात आणि इंच-इंच मोजून पुन्हा लावतात. त्यांच्या मते त्यांनी काम नीट केलं, इतकंच. पुढच्या वर्षी मुलगा मखराला हात लावत नाही आणि ‘हल्लीच्या पोरांना कशाची आवड नाही’ हे वडिलांचं मत आणखी पक्कं होतं. ऑफिसातही तेच. अहवाल तयार असतो, पण तक्त्यातल्या रकान्यांची रुंदी मनासारखी होईना म्हणून मुदत टळून जाते. हाताखालच्या माणसाकडे काम सोपवावं, तर तो ‘आपल्यासारखं’ करणार नाही ही धास्ती.

अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या २०१३च्या नियमावलीत एकूण १० व्यक्तिमत्त्व विकार आहेत. त्यांतल्या ओसीपीडीची लक्षणं ८: तपशिलांत अडकणं, कामच पुरं होऊ न देणारा परिपूर्णतेचा ध्यास, कामापुढे विश्रांती आणि मैत्री नकोशी वाटणं, नीतिनियमांचा ताठरपणा, निरुपयोगी वस्तू न टाकणं, काम न सोपवणं, उद्याच्या संकटासाठी आज हात आखडणं आणि हेका. यांतली किमान ४ असतील, ती तरुणपणापासून टिकून असतील आणि त्यांनी आयुष्याचं नुकसान होत असेल, तरच निदानाचा विचार होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या वर्गीकरणात तर बहुतेक जुने कप्पेच मोडीत निघाले. तिथे आधी विचारलं जातं, की स्वतःशी आणि इतरांशी असलेलं नातं किती बिघडलंय: सौम्य, मध्यम की तीव्र? स्वभावाचा पैलू त्यानंतर येतो.

म्हणूनच कपाटातल्या घड्या मोजून काही कळत नाही. घडी विस्कटल्यावर घरात काय होतं, ते पाहावं लागतं. काटेकोर माणूस प्रसंग पाहून नियम सैल करतो. इथे ताप आलेल्या बायकोलाही ओला टॉवेल चुकीच्या दांडीवर टाकल्याबद्दल ऐकून घ्यावं लागतं.

ही माणसं ‘माझा स्वभाव बदला’ म्हणून डॉक्टरांकडे जात नाहीत. जातात ती नैराश्य, चिंता किंवा मोडकळीला आलेल्या संसारामुळे. या विकारावर खास असं औषध नाही. औषधं दिली जातात ती सोबतच्या नैराश्यावर किंवा चिंतेवर. मुख्य उपचार मानसोपचाराचा, आणि त्याला वेळ लागतो. त्यात छोटे प्रयोग करून पाहतात: पत्र एकदाच वाचून पाठवायचं, एक काम दुसऱ्यावर सोपवून मध्ये पडायचं नाही आणि खरंच आभाळ कोसळतं का ते पाहायचं.

घरच्यांनीही मोबाइलवर वाचून ‘तुम्हाला ओसीपीडी आहे’ असं तोंडावर फेकू नये. त्याने वाद पेटतो, निदान होत नाही. ‘तुम्ही माळ काढलीत, तेव्हा पोरगा हिरमुसला’ असं नेमकं सांगितलेलं किमान ऐकलं तरी जातं. तेवढ्याने भागत नसेल, तर सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत उपलब्ध आहे. ‘माणूस ऐकत नाही, आम्ही काय करू?’ हे विचारायला घरातल्या कुणीही तिथे फोन करावा.