एक टर्बो की दोन? गिऱ्हाइकाला होकार देण्यापूर्वी

आखाती देशांतील गॅरेजांत आपल्या कोकणातले आणि मुंबईतले बरेच कारागीर काम करतात. वेगाचा शौकीन मालक गाडी घेऊन आला की त्याचा प्रश्न ठरलेला असतो: एकच मोठा टर्बो बसवावा की दोन? दोन म्हणजे दुप्पट ताकद असा समज मालकांत आहेच, काही मिस्त्रींतही आहे. या समजापोटी चांगली इंजिने फुटतात आणि पैशांवरून तंटे होतात. म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

टर्बोचे पहिले पेटंट स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली घेतले. इंजिनातून बाहेर जाणारा गरम धूर एका पंख्यावर सोडायचा. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त आणि ताकदही जास्त. ही हवा एका टर्बोने भरली की दोघांनी, हे इंजिनाला कळत नाही.

फरक पडतो तो पंखा वेग घेण्यास किती वेळ लावतो यात. पंख्याचा व्यास दुप्पट केला तर त्याला फिरवण्याचे जड काम ढोबळमानाने ३२ पट होते. म्हणून दोन लहान पंखे लवकर उठतात, हे खरे. परंतु सहा सिलिंडरच्या इंजिनावर दोन टर्बो जोडीने लावले की प्रत्येकाच्या वाट्याला तीनच सिलिंडरचा धूर येतो. पंखा हलका झाला, तसा त्याला ढकलणारा जोरही निम्म्यावर आला. फायदा होतो, पण लोक समजतात तेवढा नाही.

१९८९ च्या निसान स्कायलाइन जीटी-आरमध्ये हीच जोडीची पद्धत होती. १९९३ च्या टोयोटा सुप्राची रचना वेगळी. तिच्यात कमी फेऱ्यांवर सगळा धूर पहिल्या टर्बोला मिळतो आणि सुमारे ४,००० फेऱ्यांना दुसरा कामाला लागतो. नव्या गाडीत याचा पिकअप फार सुरेख. पण त्यासाठी झडपा आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांचे जाळे लागते, आणि या गाड्या आता जुन्या झाल्या. रबर कडक होते, तडकते. माझदा आरएक्स-७ मध्ये तर हे जाळे पाहूनच मिस्त्री हात जोडतो! दुसरा टर्बो येत नसेल तर आधी नळ्या आणि झडपा तपासाव्यात. टर्बो उतरवणे हे शेवटचे काम.

आणखी एक धोका आहे. स्कायलाइनच्या आणि जपानी बाजारातील सुप्राच्या मूळ टर्बोत धुराकडील पंखे सिरॅमिकचे असत. मूळ टर्बोवरच दाब एक बारच्या पुढे नेला तर हे पंखे दांड्यावरून सुटण्याची भीती असते. मालकाने कितीही आग्रह केला तरी हे काम पत्करू नये.

अशा सुप्रावर एकच मोठा टर्बो बसवला तर तेलाच्या नळ्या निम्म्या होतात, हात घालायला जागा मिळते आणि वरच्या फेऱ्यांवर ताकद भरपूर येते. मात्र फार मोठा टर्बो निवडला तर शहरातल्या सिग्नलवरून गाडी मरगळल्यासारखी निघते. यावर मधला मार्ग ट्विन-स्क्रोलचा. यात टर्बो एकच, पण १-२-३ आणि ४-५-६ सिलिंडरचा धूर वेगवेगळ्या वाटांनी पंख्यावर येतो, म्हणून धक्के एकमेकांना अडवत नाहीत. बीएमडब्ल्यूने २००६ मध्ये तीन लिटरच्या इंजिनावर दोन टर्बो दिले होते. २००९ च्या पुढील इंजिनात असा एकच टर्बो बसवला. कारखान्यानेच हा हिशेब केला, हे मालकाला जरूर सांगावे.

व्ही आकाराच्या इंजिनाची गोष्ट निराळी. तेथे धूर दोन्ही बाजूंनी निघतो, म्हणून दोन टर्बो बसवणेच सोयीचे. २००७ च्या निसान जीटी-आरमध्ये तसेच आहे. उलट, वाळूच्या टेकड्या चढणाऱ्या ४.८ लिटरच्या निसान पेट्रोलवर बहुधा एकच मोठा टर्बो दिसतो, कारण तेथे इंजिन सतत वरच्या फेऱ्यांत ठेवतात.

भाव सांगताना नुसत्या टर्बोचा सांगू नये. मॅनिफोल्ड, वेस्टगेट, इंटरकूलर, इंजेक्टर, पेट्रोल पंप, क्लच आणि संगणकाची जुळणी यांचा खर्च पुष्कळदा टर्बोपेक्षा जास्त होतो. यादी लिहून मालकाची सही घ्यावी. भारतात काम करणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचावे: नोंदणी पुस्तकातील मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकास ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.