द्राक्षबागेत जोडप्यांचा मुक्काम : नियोजन कसे कराल?

राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केल्यानंतर नाशिक जिल्ह्यात वाइन उद्योग वाढला. शनिवार-रविवार गाठून मुंबई-पुण्याची जोडपी आता वाइनरी पाहण्यास येतात. दोन दिवस निवांत, एकमेकांच्या सोबतीने घालवावेत एवढीच त्यांची अपेक्षा असते. त्यामुळे अनेक बागायतदार मळ्यात एखादी खोली बांधण्याच्या विचारात आहेत. शेतकरी बंधू-भगिनींनो, खोली जरूर बांधा. परंतु त्याआधी बागेचे वेळापत्रक समोर ठेवा. पाहुणे आणि फवारणी यांची गाठ पडू देऊ नका.

कोणत्या महिन्यात बोलवावे?

वाइनच्या द्राक्षांची फळछाटणी साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. छाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करतात. हे रसायन विषारी आहे. शिवाय त्याच्या संपर्कात आलेल्या व्यक्तीने मद्य घेतल्यास चेहरा लाल होणे, छातीत धडधडणे, श्वास लागणे असा त्रास होतो. वाइनच्या ओढीने आलेल्या पाहुण्यांना या दिवसांत बागेत नेऊ नये. पुढे केवडा व भुरीच्या फवारण्या सुरू राहतात. जानेवारीअखेर ते मार्च हा काढणीचा काळ मात्र उत्तम. हवा थंड, बाग घडांनी भरलेली आणि वाइनरीत गाळपाचे काम चालू असते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग उघडी दिसते व ऊनही कडक असते.

फवारणीची पाटी

घड दिसला की पाहुणा मणी तोडून तोंडात टाकतोच. म्हणून प्रत्येक प्लॉटवर औषधाचे नाव, फवारणीची तारीख व काढणीपूर्व प्रतीक्षा काळ लिहिलेली पाटी लावावी. फवारा पूर्ण वाळेपर्यंत, आणि लेबलवर त्याहून अधिक काळ दिला असल्यास तो संपेपर्यंत, बागेत कोणासही सोडू नये. खोली बागेपासून अंतरावर, वाऱ्याने फवारा येणार नाही अशा बाजूस बांधावी. शेजाऱ्याच्या फवारणीचे दिवसही विचारून ठेवावेत.

दोन दिवसांचा कार्यक्रम

पहिल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास पाहुणे यावेत. सायंकाळी गंगापूर धरणाचा परिसर दाखवावा. रात्री पिठले, भाकरी, भरीत असे घरचेच जेवण द्यावे. दुसऱ्या दिवशी पहाटे काढणी दाखवावी. द्राक्षे थंड असतानाच का तोडतात, साखर रिफ्रॅक्टोमीटरने कशी मोजतात, लाल वाइनचा रंग सालीतून कसा येतो, हे सांगावे. त्यानंतर वाइनरीची भेट ठेवावी. वेळ आधी ठरवून घ्यावी. इतर वेळी जोडप्यास एकटे सोडावे. वारंवार विचारपूस करू नये, न विचारता छायाचित्र काढू नये. दाराला आतून कडी, स्वच्छ संडास-न्हाणीघर, मच्छरदाणी आणि वाटेवर दिवा एवढे असले तरी पुरे.

कायद्याच्या बाबी

परवान्याशिवाय वाइन तयार करणे, विकणे किंवा पाहुण्यांना पुरवणे गुन्हा आहे. वाइनची चव पाहुण्यांनी परवानाधारक वाइनरीतच घ्यावी. वाइन घेतलेल्याने गाडी चालवू नये. त्यासाठी गावातील वाहन आधी ठरवून ठेवावे. शासनाच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी. पाहुण्यांचे ओळखपत्र पाहून नोंदवहीत नोंद ठेवावी.

घरच्या लक्ष्मीचा हिशेब

पाहुण्यांचे जेवण, चादरी, झाडलोट हे काम बहुधा घरातील स्त्रीवर पडते. काढणीच्या दिवसांत मजुरांचे जेवणही तिच्याकडेच असते. तेव्हा खोली बांधण्याचा निर्णय तिला विचारूनच घ्यावा. मदतीस बाई ठेवावी, तिची मजुरी खर्चात धरावी आणि मुक्कामाच्या उत्पन्नातील ठरलेला हिस्सा घरधनिणीच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करावा.

पहिल्या हंगामात एकच खोली व मोजके पाहुणे घ्यावेत. जमाखर्चाची स्वतंत्र वही ठेवावी. हंगामाअखेर वही पाहूनच दुसऱ्या खोलीचा विचार करावा. बागेचे काम एक दिवसही मागे पडले नसेल, तरच हा जोडधंदा आपल्याला परवडला असे समजावे.